खारीचें पिलूं दारीं आलें तर

मराठी भाषेनें खारीस जो मान दिला आहे तो मोठमोठ्या श्वापदांच्याही वांट्यास आलेला नाहीं. सिंहाचा वांटा बळानें घेतलेला असतो. खारीचा वांटा आपण होऊन दिलेला असतो. सेतुबंधनाच्या प्रसंगीं वाळूंत लोळून अंगास चिकटलेले कण समुद्रांत झटकणाऱ्या या जीवाची कथा वाल्मीकीच्या मूळ काव्यांत नाहीं. ती मागाहून झालेल्या देशभाषांतील रामकथांनीं आणि घरोघरच्या आजीबाईंनीं वाढविलेली आहे. पाठीवरचे पट्टे म्हणजे श्रीरामांच्या बोटांचे ठसे, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों. प्राणिशास्त्र मात्र सांगतें कीं, या खारींत तीन पट्ट्यांची एक जात आहे व पांच पट्ट्यांची दुसरी, आणि महाराष्ट्रांत दोन्ही आढळतात. प्रभूंनीं तीन बोटें फिरविलीं कीं पांच, याचा निर्णय भाविकांनींच करावा. संस्कृत कोशांत खारीस ‘वृक्षशायिका’ असें एक नांव आहे. झाडावर निजते ती वृक्षशायिका. आमच्या आजच्या लेखाचें मर्म या एका शब्दांत सांठविलेलें आहे; कारण जिनें झाडावर निजावयाचें ती आपल्या घरांत, खोक्यांत किंवा पिंजऱ्यांत निजूं लागली कीं, कांहीं तरी बिघडलें आहे हें निश्चित समजावें.

शहरांतील कौलारू वाडे गेले. त्यांच्या जागीं चार-पांच मजली इमारती उभ्या राहिल्या. अंगणें आक्रसलीं, पारिजातक आणि पेरू तोडले गेले. खार मात्र गेली नाहीं. तिनें आपला संसार वातानुकूलन यंत्राच्या मागें, विजेच्या मीटरच्या पेटींत, गच्चीवरील अडगळींत आणि खिडकींतल्या कुंड्यांच्या आड मांडला. काथ्या, कापूस, सुकें गवत आणि जुन्या गोधडीचे दोरे एवढ्या सामग्रींत तिचें बाळंतिणीचें दालन सजतें. वर्षांतून एकाहून अधिक वेळां तीं वितात आणि बहुधा एका वेळीं दोन किंवा तीन पिलें होतात. पूर्ण वाढलेल्या खारीचें वजन सुमारें १०० ग्रॅम. तेव्हां नुकतेंच जन्मलेलें पिलूं केवढें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. तें जन्मतः आंधळें व निर्लोम असतें. घर झाडावयास काढलें, वीजवाला मीटर पाहावयास आला, किंवा पावसाळ्यापूर्वीं नगरपालिकेच्या माणसांनीं फांद्या छाटल्या कीं कोणाच्या तरी ओंजळींत हे जीव येऊन पडतात. मग घरांतील लहानथोरांची सभा भरते आणि जितकीं तोंडें तितके उपाय निघतात.

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या शेजारच्या बिऱ्हाडीं असाच प्रसंग आला. दहा वर्षांच्या नातवानें आंब्याखालीं सांपडलेलें पिलूं टोपींत घालून आणलें. त्याच्या आईनें कापसाची वात केली; आत्याबाईंनीं फळीवरून जुनें चांदीचें बोंडलें काढलें आणि गायीचें दूध कोमट करावयास ठेवलें. आम्हांस मसलतीस बोलाविलें होतें. दूध तूर्त राहूं द्यावें व वनविभागास दूरध्वनि करावा, असें आम्हीं सुचविलें, तेव्हां आत्याबाई म्हणाल्या, “मास्तर, तहानलेल्याच्या तोंडांत दोन थेंब घालायला सरकारचा परवाना लागतो, हें मीं आजच ऐकलें हो!”

प्रश्न बिनतोड होता. तो त्या एकट्या बाईंचा नाहीं. ज्या ज्या घरांत मुक्या जीवांविषयीं कणव आहे त्या त्या घरांत तो निघतो. म्हणून त्याचें उत्तर येथें सविस्तर देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पोरकें कीं केवळ पडलेलें?

पहिली गोष्ट ही कीं, खालीं पडलेलें प्रत्येक पिलूं पोरकें नसतें. खारीण फार दक्ष माता आहे. घरट्यास धोका पोंचला कीं ती पिलांना एकेक करून तोंडांत धरून दुसऱ्या जागीं नेते. फांदी तोडली तेव्हां ती पळून गेली तरी बहुधा दूर जात नाहीं. कोठें तरी आडोशास बसून माणसें हलण्याची वाट पाहत असते. आपण मात्र त्याच जागीं गोल करून उभे राहतों, आणि आई येत नाहीं असें म्हणून हळहळतों! माणसाचा हात लागलेलें पिलूं आई टाकून देते, हा समजही खोटा आहे. वासापेक्षां तिला आपल्या गर्दीचें भय अधिक वाटतें.

तेव्हां पिलूं जखमी नसेल, अंगास ऊब असेल आणि दिवस मावळावयास अवकाश असेल, तर त्यास आईकडे परत देण्याचा यत्न आधीं करावा. एक उघडें खोकें किंवा लहान टोपली घ्यावी. तिच्यांत मऊ सुती कापड घालावें. मूळ घरट्याचा काथ्या-कापूस मिळाला तर तोही घालावा. टोपली ज्या झाडावरून पिलूं पडलें त्याच झाडास, मुंग्या व मांजर पोंचणार नाहीं अशा उंचीवर, सावलींत घट्ट बांधावी. मग सर्वांनीं घरांत जावें, मांजर-कुत्रें बांधून ठेवावें आणि खिडकीच्या फटींतून लक्ष ठेवावें. पिलूं थंड पडलें असेल तर आधीं त्यास ऊब आणावी व मगच टोपलींत ठेवावें. कारण गार पडलेल्या निश्चल पिलास आई मेलेलें समजून सोडून जाण्याचा संभव असतो. अंधार पडूं लागला आणि आई आली नाहीं, तर पिलूं घरांत घ्यावें. तें रात्रभर बाहेर ठेवणें म्हणजे घुबडाच्या पानांत वाढणें होय.

शेजारच्या घरीं त्या दिवशीं हेंच केलें. दूध बाजूस राहिलें. नातू खिडकींतून हलेना. दोन घटका गेल्या, तीन गेल्या. आत्याबाई जपाची माळ घेऊन त्याच्याशेजारीं येऊन बसल्या. उन्हें कलतां कलतां खोडावर शेपटी फुलवून ती खारीण उतरली, दोनदां टोपलीभोंवतीं फिरली, आणि पिलूं तोंडांत धरून वरच्या फांद्यांत दिसेनाशी झाली. बोंडलें पुन्हां फळीवर गेलें.

परंतु कित्येक वेळां आई येत नाहीं, किंवा तिची वाट पाहण्यास वेळच नसतो. पुढील लक्षणें दिसलीं तर टोपलीचा प्रयोग करूं नये, तत्काळ मदत मागवावी: अंगास रक्त किंवा सूज, पाय ओढीत चालणें, मान एका अंगास कलणें, आई शेजारींच मेलेली असणें, अंगावर माशांनीं घातलेलीं, तांदळाच्या बारीक कण्यांसारखीं दिसणारीं अंडीं, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे मांजराच्या तोंडांतून सुटका. मांजराच्या दातांची जखम सुईच्या टोंकाएवढी असते व केसांत दिसतही नाहीं. परंतु मांजराच्या लाळेंतील सूक्ष्म जंतु रक्तांत मिसळून एक-दोन दिवसांत प्राण घेऊं शकतात. वरून धडधाकट दिसणारी खारही अशा वेळीं पशुवैद्याच्या औषधावांचून वांचणें कठीण असतें.

ऊब आधीं, अन्न मागाहून

मदत येईपर्यंत गृहस्थानें काय करावें? थोडें करावें, पण तें नेमकें करावें.

जखमी मोठ्या खारीस उघड्या हातानें धरूं नये. तिचे दांत सुपारी फोडणारे आहेत, आणि भ्यालेल्या जीवास उपकार-अपकार कळत नाहीं. जाड कापड अंगावर टाकून, दाब न देतां, कापडासकट उचलावें. झांकणाचें पुठ्ठ्याचें खोकें घेऊन त्यास हवेसाठीं बारीक भोंकें पाडावीं आणि आंत जुनें मऊ सुती धोतर किंवा पंचा अंथरावा. फणीदार विणीचा टॉवेल घालूं नये. त्याच्या दोऱ्यांत नखें अडकतात व पाय पिरगळतो. खोक्याच्या एका अर्ध्या भागांत ऊन पाण्याची बाटली कापडांत गुंडाळून ठेवावी. ती मनगटास सोसेल इतपतच ऊन असावी. दुसरा अर्धा भाग मोकळा ठेवावा, म्हणजे उष्णता अधिक झाल्यास जीव तिकडे सरकूं शकेल. मग झांकण लावून खोकें अंधाऱ्या, शांत खोलींत ठेवावें. दर पांच मिनिटांनीं उघडून पाहूं नये, मुलांच्या हातांत देऊं नये, छायाचित्रें काढूं नयेत. आपल्याला जें कौतुक वाटतें तें त्या जीवास मरणभय असतें. नंतर साबणानें हात स्वच्छ धुवावे.

आतां दुधाविषयीं. आत्याबाईंच्या बोंडल्यामागें पिढ्यान्‌पिढ्यांची माया होती हें आम्ही जाणतों. पण गायीचें दूध वासरासाठीं असतें. तें खारीच्या पिलास पचत नाहीं. हगवण लागते आणि त्या एवढ्याशा देहांतील पाणी कांहीं तासांत निघून जातें. त्याहून मोठें संकट निराळें आहे. पिलूं गारठलेलें असतां त्याची पचनक्रिया बंद पडलेली असते, आणि पाठीवर उताणें धरून वातीनें किंवा पिचकारीनें थेंब टाकले तर ते अन्नमार्गानें न जातां श्वासमार्गानें फुप्फुसांत उतरतात. नाकपुडींतून दुधाचा बुडबुडा आला कीं समजावें कीं असें झालें. दोन वर्षांपूर्वीं आमच्याच आळींतील एका घरीं असें एक पिलूं मोठ्या प्रेमानें पाजण्यांत आलें; तिसऱ्या दिवशीं तें घुसमटून मेलें. घरांतल्या धाकट्या मुलीची समजूत कशी घालावी हें तिच्या आईला कळेना, कारण मुलीनें विचारलें होतें, “आपण त्याला काय कमी केलें?” कमी कांहींच केलें नव्हतें, जें केलें तेंच अधिक झालें होतें. म्हणून नियम लक्षांत ठेवावा: प्रथम ऊब, अन्नपाणी जाणत्याच्या सांगण्यावांचून मुळींच नाहीं. फोनवर बोलणारा वैद्य काय, केव्हां व किती द्यावें हें सांगेल, तेवढेंच द्यावें.

उंदीर धरण्याच्या चिकट पुठ्ठ्यावर खार अडकली तर तिला ओढून काढूं नये. कातडें पुठ्ठ्यास राहतें. उघड्या राहिलेल्या चिकट भागावर कागदाचे तुकडे टाकून तो झांकावा आणि पुठ्ठ्यासकट तिला पशुवैद्याकडे न्यावें. पतंगाच्या मांज्यांत गुंतलेली असल्यास लोंबता मांजा कापून टाकावा. पण मांसांत रुतलेला दोरा वैद्यानेंच काढावा. आणि खारीनें कोणास चावा घेतलाच, तर जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी व डॉक्टरांस दाखवावी. खारीसारख्या लहान कृंतक प्राण्यांपासून माणसास पिसाळरोग होणें अगदीं विरळ आहे. तरी निर्णय डॉक्टरांचा.

परवाना कशासाठीं?

मुंबईचा पांजरपोळ १८३४ सालीं स्थापन झाला आणि पशुक्रौर्यनिवारक संस्था १८७४ सालीं. भाकड गाय, म्हातारा बैल, लंगडा घोडा यांस आश्रय देणें हें पुण्य आपल्या समाजास नवें नाहीं. परंतु हे सर्व माणसाच्या दावणीचे प्राणी. खार दावणीची नव्हे. ती आपल्या पेरूवर उपजीविका करीत असली तरी रानची आहे, आणि रानच्या प्राण्यास निराळा कायदा लागतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ सालीं झाला व २०२२ सालीं त्यांत मोठ्या सुधारणा झाल्या. या कायद्यांत ‘शिकार’ या शब्दाचा अर्थ केवळ मारणें असा नाहीं. पकडणें व सापळ्यांत धरणें हेंही त्यांत येतें. सरकारची मालमत्ता ठरलेला वन्यप्राणी ज्याच्या हातीं आला, त्यानें ४८ तासांच्या आंत जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा अधिकृत अधिकाऱ्यास कळविलें पाहिजे, असें कलम ३९ सांगतें. कोणती जात कोणत्या अनुसूचींत बसते हा काथ्याकूट गृहस्थानें करीत बसूं नये. ‘सांपडलें, कळविलें, सोंपविलें’ एवढी त्रिसूत्री त्यास पुरे आहे.

पण कायदा झाला म्हणून तो मानावा, एवढ्यावर आत्याबाईंचें समाधान झालें नव्हतें, आणि वाचकांचेंही होऊं नये. कायद्यामागील कारण पाहिलें पाहिजे. समजा, पिलूं वांचलें. बिस्किटें, पोळी, शेंगदाणे खाऊन तें मोठें झालें. अशा खाण्यांत चुन्याचा अंश पुरेसा नसतो. हाडें मऊ पडतात, वांकतात, आणि एके दिवशीं उडी मारतां मारतां पाय मोडतो. तेंही टळलें असें धरूं. आतां ती खार माणसाच्या खांद्यावर बसते, मांजराकडे कुतूहलानें पाहते, घरटें बांधणें जाणत नाहीं, आणि कावळा आला असतां इतर खारी जी तीव्र हांक मारतात तिचा अर्थ तिला ठाऊक नसतो. ‘आतां मोठी झाली’ म्हणून तिला सोडून दिली तर पहिल्याच दिवशीं ती कोणाची तरी न्याहारी होते. न सोडावी तर जन्मभराचा कारावास. जीव वांचवून जिणें हिरावून घेणें, याला दया म्हणावें काय?

अनुमति असलेल्या केंद्रांत जें होतें तें याहून निराळें आहे. तेथें पिलास एकट्यास वाढवीत नाहींत. समवयस्क पिलांबरोबर ठेवितात, म्हणजे तें माणसास आपली जात समजत नाहीं. डोळे उघडल्यावर माणसाचा सहवास कमी कमी करितात. पुढें फांद्या, पानें, शेंगा असलेल्या मोठ्या जाळीच्या दालनांत हलवितात. आणि उड्या, खाणें व भय हीं तिन्ही शिकल्यावर योग्य स्थळीं मोकळें करितात. हें काम मायेचें आहे, पण त्याहून अधिक संयमाचें आहे. नातवास ज्वर आला तर आपण शेजारणीच्या सांगीवरून काढा न पाजतां डॉक्टरकडे नेतों. त्यांत आपली माया उणी पडली असें कोणी म्हणत नाहीं. आत्याबाईंस आम्हीं हेंच उत्तर दिलें: दोन थेंब घालावयास परवाना लागत नाहीं, ते दोन थेंब कोठें जातील हें ज्यास कळतें, त्यास शोधून काढण्यासाठीं परवाना असतो.

कोणास हांक मारावी?

महाराष्ट्रांत सर्वांनीं पाठ करावा असा अंक म्हणजे १९२६. वनविभागाचा हा निःशुल्क दूरध्वनि आहे. आपला जिल्हा, तालुका व प्रसंग सांगितला कीं जवळच्या वनकर्मचाऱ्यांकडे निरोप जातो. खेडेगांवीं वनरक्षक, वनपाल अथवा वनक्षेत्रपाल यांचें कार्यालय गांठावें. कित्येक जिल्ह्यांत सरकारनें नेमलेले मानद वन्यजीव रक्षकही असतात. कोणीच लागलीच मिळालें नाहीं तर तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत प्राथमिक उपचार करवून घ्यावे व वनविभागास कळवावें. हे दोन्ही क्रमांक दूध-गॅस-दिवाबत्तीच्या क्रमांकांबरोबर भिंतीवर लिहून ठेवावे, अशी गृहिणींस आमची सूचना आहे. संकटसमयीं शोधाशोध होत नाहीं.

नागपुरास सेमिनरी हिल्स येथें वनविभागाचें वन्यप्राण्यांसाठीं तात्पुरतें उपचार केंद्र आहे. पुण्याजवळ बावधन येथें वनविभागाच्या सहकार्यानें रेस्क्यू ही विश्वस्त संस्था असेंच केंद्र चालविते. मुंबईंत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत वनविभागाचें बचावपथक आहे, आणि परळचें बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुचिकित्सालय तर कित्येक पिढ्यांस परिचित आहे. गोमंतकांतील वाचकांनीं तेथील वनविभागाशीं बोलावें. भीमाशंकराच्या बाजूस झाडावरून मांजराएवढा, तांबूस, झुबकेदार शेपटीचा जीव पडलेला दिसला, तर तो शेकरू होय. तो महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. त्यास हात न लावतां वनविभागासच बोलवावें.

आपल्या देशांत अमेरिकेप्रमाणें प्रत्येक पुनर्वसनकर्त्यास वेगळा वैयक्तिक परवाना देण्याची पद्धति रूढ नाहीं. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या अनुमतीनें व वनविभागाच्या देखरेखीखालीं संस्था काम करितात. म्हणून कोणी ‘प्राणिमित्र’ म्हणवून दारीं आला तर विनयानें, पण निश्चयानें विचारावें: आपली संस्था कोणाच्या अनुमतीनें काम करिते? उपचार करणारे पशुवैद्य नोंदणीकृत आहेत ना? वनविभागास कळविलें आहे ना? बरी झाल्यावर हिला कोठें सोडाल? खरा कार्यकर्ता या प्रश्नांनीं रागावत नाहीं. उलट तोच आपणांस विचारतो: कोठें सांपडलें, केव्हां, मांजरानें धरलें होतें काय, कांहीं पाजलें काय? आणि बहुधा त्याचें पहिलें वाक्य ‘खायला घालूं नका’ असेंच असतें. जो ‘राहूं द्या तुमच्याकडेच, छान माणसाळेल’ असें सुचवितो, जो पैशाच्या बदल्यांत पिलूं देऊं-घेऊं पाहतो, किंवा ज्याचें लक्ष खारीपेक्षां छायाचित्राकडे अधिक, त्याच्या स्वाधीन जीव करूं नये.

सोंपवितांना एका कागदावर स्थळ, वेळ, काय घडलें व काय खाऊ घातलें हें लिहून खोक्यावर चिकटवावें. स्थळ नेमकें लिहावें. बरी झालेली खार आपल्या परिचित झाडांत परत जाणें सर्वांत उत्तम. आणि एक अप्रिय सत्य मुलांस आधींच सांगावें: सोंपविलेला प्रत्येक जीव वांचत नाहीं. कणा मोडलेल्या जीवास वेदनामुक्त करण्याचा निर्णय पशुवैद्यास घ्यावा लागतो. तो कठोर वाटला तरी निर्दय नसतो.

परदेशीं राहणाऱ्यांसाठीं

आज बहुतेक घरांतलें एखादें तरी लेकरूं परदेशीं आहे. त्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं खार तीच दिसली तरी कायदा बदलतो. अमेरिकेंत प्रत्येक राज्याचा नियम स्वतंत्र आहे. न्यूयॉर्क राज्यांत तर लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच पुनर्वसनकर्त्याचा परवाना मिळतो. त्याच राज्यांत २०२४ च्या आक्टोबरअखेरीस एक हृदयद्रावक प्रकार घडला. ‘पीनट’ नांवाची एक खार सात वर्षें एका गृहस्थाच्या घरीं वाढली होती. आई मोटारीखालीं सांपडून पोरकी झालेली ती खार परवान्यावांचून पाळली होती. अधिकाऱ्यांनीं तिला व तिच्यासवें असलेल्या एका रॅकूनला ताब्यांत घेतलें. तिनें एकास चावा घेतल्याचें सांगण्यांत आलें, आणि पिसाळरोगाच्या परीक्षेसाठीं दोघांस मारण्यांत आलें. परीक्षेंत रोग निघाला नाहीं. त्यावरून देशभर गहजब झाला. अधिकाऱ्यांनीं घाई केली कीं काय याचा निवाडा आम्ही करीत नाहीं. पण अनुमतीवांचून केलेलें प्रेम शेवटीं त्या मुक्या जीवाला केवढें महाग पडूं शकतें, हें त्यांतून दिसतें.

इंग्लंडांत आणखीच निराळें. तेथील तांबडी खार स्वदेशी. तिला १९८१ च्या कायद्यानें संरक्षण आहे. करडी खार १८७६ सालीं अमेरिकेंतून नेऊन सोडली गेली, ती माजली आणि तांबडीस मागें सारूं लागली. म्हणून २०१९ च्या डिसेंबरपासून बरी केलेली करडी खार पुन्हां मोकळी सोडण्यास तेथें बंदी आहे. आणि ऑस्ट्रेलियांतील पर्थ शहरीं तर आपली पांच पट्ट्यांचीच खार १८९८ सालीं प्राणिसंग्रहालयांतून बाहेर पडून स्थायिक झाली आहे! जी येथें रामभक्त, ती तेथें उपद्रवी परकी गणली जाते. तेव्हां परदेशीं गेलेल्यांनीं आईच्या घरची रीत तेथें न चालवितां प्रथम तेथील वन्यजीव खात्यास विचारावें.

आतां शेवटचें. १९७६ सालीं बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें नागरिकांचीं मूलभूत कर्तव्यें सांगण्यांत आलीं; त्यांत जीवमात्राविषयीं करुणा बाळगणें हें एक आहे. करुणा ही आज्ञेनें उपजत नाहीं. ती घरांत, मोठ्यांच्या वागण्यांतून मुलांच्या अंगीं उतरते. परंतु आमच्या पिढीनें मुलांस बहुधा ‘द्यावें’ एवढेंच शिकविलें. ‘केव्हां हात आखडावा’ हें शिकवावयाचें राहिलें. खारीचें पिलूं ही त्या शिक्षणाची उत्तम संधि आहे. खोकें तयार करणें, बाटली गुंडाळणें, कागदावर स्थळ-वेळ लिहिणें, दूरध्वनीवर नीट उत्तरें देणें, आणि मग झांकण न उघडतां स्वस्थ बसून राहणें, हीं सारीं कामें दहा वर्षांचा मुलगा करूं शकतो. त्यांतलें शेवटचें सर्वांत कठीण. तें ज्यास साधलें त्यानें आपला खारीचा वांटा उचलला, असें आम्ही म्हणूं.